अस्थींविना अंत्यविधी

युद्धात बॉम्बर विमान कोसळले की त्यातल्या माणसांचे देह बहुतेक वेळा घरच्यांच्या हाती लागत नाहीत. विमान इंधनाने आणि कित्येकदा न टाकलेल्या बॉम्बनी भरलेले असते. ते शत्रूच्या मुलखात, समुद्रात किंवा निर्जन डोंगरात पडते, आणि नेमके कुठे पडले हे सांगायला कोणी उरत नाही. पायदळातला जवान पडतो तेव्हा निदान शेजारच्या खंदकातल्या साथीदाराने ते पाहिलेले असते. विमानाच्या बाबतीत तळावर उरते ती एक नोंद: अमुक वाजता उड्डाण, अमुक वाजता शेवटचा संदेश, विमान परतले नाही. या तीन ओळींवरून घरच्यांनी काय समजायचे, हा प्रश्न हवाई दलाचा आहे तसाच धर्माचाही आहे. ज्याचा देह नाही त्याचा मृत्यू केव्हा झाला असे धरायचे, ते कोणी ठरवायचे आणि त्याची क्रिया कशी करायची?

छत्तीसगडच्या राजधानीत हा प्रश्न परका नाही. रायपूरजवळच्या माना येथील धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली आहे. युद्धाच्या अखेरच्या महिन्यांत, १९४५ साली, रॉयल एअर फोर्सच्या २९८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची हॅलिफॅक्स विमाने इथे आली. हॅलिफॅक्स हे मुळात चार इंजिनांचे अवजड बॉम्बर. आज त्याच माना येथे स्वामी विवेकानंद विमानतळ आहे. त्या युद्धात भारतातल्या तळांवरून ब्रह्मदेशाकडे गेलेले आणि परत न आलेले राष्ट्रकुलाचे वैमानिक, ज्यांची कबर ठाऊक नाही, त्यांची नावे सिंगापूरच्या क्रांजी येथील स्मारकावर कोरली आहेत. तिथे अशी २४ हजारांहून अधिक नावे आहेत, त्यांत सैनिकही आहेत आणि वैमानिकही. ज्यांचे देह सापडले त्यांची व्यवस्था वेगळी. मध्य आणि पश्चिम भारतात विखुरलेल्या ज्या कबरींची कायमची देखभाल होईल अशी खात्री नव्हती, त्या पुण्याजवळ खडकीच्या युद्धस्मशानात हलवल्या गेल्या. एकीकडे दगडाखाली माणूस आहे, दुसरीकडे भिंतीवर केवळ नाव. ख्रिस्ती परंपरेला या दोहोंमध्ये तत्त्वतः फरक वाटत नाही. संत ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला, रोमवरच्या हल्ल्यात अनेकांना दफन मिळाले नाही तेव्हा, स्पष्ट मत दिले होते की दफन न झाल्याने मृताच्या आत्म्याचे काही बिघडत नाही. अंत्यविधीची धडपड मेलेल्याला लागणाऱ्या मदतीपेक्षा जिवंतांना मिळणाऱ्या दिलाशासाठी जास्त असते, असे तो म्हणतो. तरीही त्याने विधी सोडायला सांगितले नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हिंदू घरात ही अडचण अधिक टोकदार होते, कारण इथे विधीचे काम केवळ दिलाशाचे मानलेले नाही. रायपूरमध्ये कोणी वारले तर खारून नदीवरच्या महादेव घाटावर किंवा ४०-४५ किलोमीटरवरच्या राजिमला अस्थी नेण्याची रीत आहे. राजिमला महानदी, पैरी आणि सोंढूर यांचा संगम आहे, नदीच्या पात्रात कुलेश्वर महादेवाचे देऊळ आहे, आणि छत्तीसगडचे लोक त्या जागेला आपला प्रयाग म्हणतात. तात्यापाऱ्यातली जुनी मराठी कुटुंबेही, पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिल्यावर, याच पाण्यावर जातात. तिसऱ्या दिवशी वा त्यानंतर अस्थिसंचयन, मग दहा दिवस पिंड. या दहा पिंडांनी मृताला एकेक अवयव मिळत जातो आणि दहाव्या दिवशी त्याचे प्रेतशरीर पुरे होते, अशी कल्पना आहे. दहाव्याला कावळा पिंडाला शिवण्याची वाट पाहतात. पुढे सपिंडीकरणाने प्रेत पितरांत मिसळते, आणि मगच त्याला श्राद्धपक्षात हक्काची जागा मिळते.

म्हणजे या विचारात मेलेला माणूस मरताक्षणी पितर होत नाही. जिवंतांना त्याला पितर करावे लागते. ज्याची क्रिया झाली नाही तो धड या घरचा नाही, धड पितृलोकातलाही नाही. बेपत्ता वैमानिकाच्या आईला जो घोर लागतो तो नेमका हा: मुलगा मेला की नाही एवढेच नव्हे, तर मेला असेल तर तो आत्ता कुठे अडकला आहे.

इथे एक तात्त्विक आक्षेप सरळ उभा राहतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आत्म्याला शस्त्र कापत नाही आणि अग्नी जाळत नाही असे सांगितले आहे, आणि देह हे टाकून द्यायचे वस्त्र ठरवले आहे. मग त्या वस्त्राचे तुकडे मिळाले नाहीत म्हणून एवढी तगमग का? चार्वाकांनी याच्या उलट्या बाजूने तोच प्रहार केला होता: मेलेल्याला इथे घातलेले अन्न पोचत असेल तर प्रवासाला निघालेल्याने शिदोरी का बांधून न्यावी? दोन्ही टोकांकडून पाहिले तर देह न सापडणे ही अडचणच उरत नाही. एकाच्या मते देह महत्त्वाचा नाही, दुसऱ्याच्या मते देहापलीकडे काहीच नाही. पण धर्मशास्त्राने यातले कोणतेही टोक धरले नाही. आत्मा अमर आहे हे मान्य करूनही त्याने जिवंतांच्या अंगावर काही ऋण ठेवले, आणि ते फेडण्याचा मार्ग देहाच्या अभावी बंद होऊ दिला नाही. हा मधला मार्ग तर्काच्या दृष्टीने कमी चकचकीत आहे, पण तो माणसाला कामाला लावतो, आणि शोकात माणसाला करायला काही असणे ही लहान गोष्ट नव्हे.

त्या मार्गाला पालाशविधी किंवा पर्णशरदाह म्हणतात. गरुडपुराणाच्या प्रेतकल्पात, आणि पुढे कमलाकरभट्टाच्या १६१२ सालच्या निर्णयसिंधूसारख्या ग्रंथांत त्याचे वर्णन येते. भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या मतांचा सविस्तर परामर्श घेतला आहे. जमिनीवर कृष्णाजिन, म्हणजे काळविटाचे कातडे अंथरायचे. त्यावर पळसाचे ३६० देठ मांडून माणसाची आकृती करायची. डोक्यासाठी ४०, मानेसाठी १०, छातीसाठी २०, पोटासाठी २०, दोन्ही हातांसाठी मिळून १००, कमरेसाठी २०, दोन्ही मांड्यांसाठी १००, पोटऱ्यांसाठी ३०, पायाच्या बोटांसाठी १०, आणि उरलेले १० जननेंद्रियांसाठी. डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, तोंडात पंचरत्न, जिभेच्या जागी केळे. आकृती पुरी झाली की तिला मंत्राग्नी द्यायचा, आणि त्यानंतरची सगळी क्रिया खऱ्या देहाची केल्याप्रमाणे चालवायची. देठांची संख्या वेगवेगळ्या ग्रंथांत थोडी बदलते, एकूण ३६० मात्र बहुतेकांना मान्य आहे. पळस रायपूरच्या आसपास आणि विदर्भात मुबलक आहे, त्यामुळे इथे विधीचे साहित्य दुर्मिळ नाही. अवघड आहे ते मांडणे. मुलाच्या खांद्याची रुंदी किती होती हे आठवत त्याच्या बापाने जमिनीवर देठ लावत बसायचे, ही कल्पनाच जड आहे. तरी ग्रंथकारांनी ती कशीबशी उरकायला सांगितलेली नाही, अवयवागणिक मोजून करायला सांगितली आहे.

या विधीमागचे तत्त्व मीमांसेतून आलेले आहे. जैमिनीच्या सूत्रांत प्रतिनिधीची चर्चा आहे: यज्ञाला लागणारे द्रव्य मिळाले नाही तर त्याच्यासारखे दुसरे वापरावे, सोमवल्ली नसेल तर पूतीक चालते. पण देवता, अग्नी, मंत्र आणि यज्ञ करणारा यजमान यांना प्रतिनिधी नाही. पालाशविधीवर हे तत्त्व लावून पाहिले तर एक महत्त्वाची गोष्ट दिसते. पळसाचे देठ देहाचे प्रतिनिधी आहेत, कारण इथे देह हे द्रव्य आहे. ते माणसाचे प्रतिनिधी नाहीत. माणूस मेला आहे ही वस्तुस्थिती मात्र कोणत्याही द्रव्याने भरून काढता येत नाही. ती आधी मान्य करावी लागते, मगच आकृती मांडता येते. म्हणून धर्मशास्त्राची खरी कसोटी देठ किती याची नसून मान्यता केव्हा द्यायची याची आहे.

त्यासाठी ग्रंथांनी वर्षे सांगितली आहेत, आणि त्या वर्षांची रचना पाहण्यासारखी आहे. सर्वसाधारण मर्यादा १२ वर्षांची. घर सोडून गेलेल्या पित्याची काही वार्ता नसेल तर मुलाने १५ वर्षे थांबावे असे एक मत. निर्णयसिंधूत नोंदलेले आणखी एक मत बेपत्ता माणसाच्या वयावर बेतलेले आहे: उतारवयातला असेल तर १२ वर्षे, मध्यम वयाचा असेल तर १५, आणि तरुण असेल तर २० वर्षे वाट पाहावी. तरुणाची वाट सगळ्यांत जास्त काळ पाहायची, कारण तो परत येण्याचा संभवही सगळ्यांत जास्त. लढाऊ विमानातली माणसे बहुधा विशी-तिशीतली असतात. या मताप्रमाणे १९७१ साली बेपत्ता झालेल्या तरुण वैमानिकाची क्रिया १९९१ च्या आधी करायची नाही.

त्याच्या बायकोसाठी मात्र शास्त्राने इतकी वर्षे ठेवली नाहीत. नारदस्मृतीत ब्राह्मण स्त्रीला मुले असतील तर आठ वर्षे आणि नसतील तर चार वर्षे थांबायला सांगितले आहे. इतर वर्णांत ही मुदत आणखी कमी आहे. त्यानंतर तिला दुसरा आश्रय घ्यायची मोकळीक आहे. मनूने पती कशासाठी गेला यावरून आठ, सहा किंवा तीन वर्षे सांगितली, पण त्यानंतर तिने काय करायचे यावर टीकाकारांत एकवाक्यता नाही. पती नाहीसा झाला तर पुनर्विवाहाची मुभा देणारे पराशराचे वचन तर १९व्या शतकात ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या आणि महाराष्ट्रात विष्णुशास्त्री पंडितांच्या विधवाविवाहाच्या वादात मध्यवर्ती ठरले. वारसाची घाई नको आणि बाईला अडकवून ठेवणे नको, या दोन वेगवेगळ्या न्यायदृष्टी एकाच परंपरेत सापडतात. ही विषमता नाही. ज्याच्या हाती मृताची मालमत्ता येणार त्याला थांबायला लावायचे, आणि जिचे आयुष्य खोळंबले आहे तिला सोडवायचे, यात विवेक आहे.

इतर धर्मांनाही हीच गाठ सोडवावी लागली. हनफी न्यायशास्त्रात बेपत्ता नवऱ्याच्या वयाची माणसे मरेपर्यंत त्याला जिवंत धरले जाई. मालिकी मताने चार वर्षे पुरेशी मानली, आणि भारतात १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याने ही चार वर्षांची मुदतच स्वीकारली. ज्यू धर्मशास्त्रात नवऱ्याच्या मृत्यूचा पुरावा नसलेल्या बाईला पुन्हा लग्न करता येत नाही. १९७३ च्या युद्धानंतर इस्राएलचे मुख्य रब्बी ओवादिया योसेफ यांनी बेपत्ता सैनिकांच्या शेकडो बायकांची प्रकरणे एकेक करून तपासली आणि मिळेल तो पुरावा जोडून त्यांना मोकळे केले. मुदतीवर न विसंबता प्रत्येक माणसाची हकीकत स्वतंत्रपणे शोधायची, हा त्यांचा मार्ग कष्टाचा होता आणि म्हणूनच आदरास पात्र आहे.

आधुनिक कायद्याने सात वर्षे ठरवली. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १०८ चा नियम आता २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ मध्ये आहे: ज्यांना खबर लागायला हवी होती त्यांना सात वर्षे ज्याची खबर नाही, तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही सात वर्षे हेच घटस्फोटाचे कारण. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली आयुर्विमा महामंडळाच्या एका प्रकरणात स्पष्ट केले की या कलमाने माणूस मेला असे धरता येते, तो केव्हा मेला हे धरता येत नाही. धर्मशास्त्राला नेमकी हीच तारीख हवी असते, कारण तिथीशिवाय श्राद्ध नाही. न्यायालयाच्या उत्तराने विम्याचा दावा निकाली निघतो. घरच्यांचा प्रश्न तसाच राहतो.

शास्त्राने स्वतःच्या निर्णयावर पूर्ण विश्वास ठेवलेला नाही, ही या सगळ्यातली सर्वांत मोलाची गोष्ट. आकृती जाळून क्रिया झाल्यावर तो माणूस परत आला तर काय करायचे, हेही ग्रंथांत आहे. त्याला तुपाच्या कुंडात बुडवून बाहेर काढायचे, स्नान घालायचे, जणू नुकताच जन्मला अशा रीतीने जातकर्मापासूनचे संस्कार पुन्हा करायचे, आणि त्याचे लग्न त्याच्याच बायकोशी पुन्हा लावायचे. चुकीची कबुली देणारा हा विधी आहे. शास्त्रकारांना ठाऊक होते की मृत्यूची मान्यता हा अंदाज आहे, ज्ञान नव्हे; आणि अंदाज चुकला तर माणसाला परत घरात घ्यायची वाट मोकळी असली पाहिजे.

मराठी इतिहासाने या मोकळ्या वाटेची दोन्ही रूपे पाहिली आहेत. १७६१ च्या पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा शिरविरहित देह सापडून त्याला अग्नी दिल्याच्या हकीकती पुण्याला पोचल्या, पण पार्वतीबाईंनी नवरा गेला हे मानले नाही. १७८३ मध्ये मरेपर्यंत त्या सवाष्णच राहिल्या. त्यांच्यावर सोंगाचा किंवा वेडाचा आरोप कोणी करू नये. ज्यांनी डोळ्यांनी देह पाहिला नाही त्यांना न मानण्याचा अधिकार आहे. दुसरे रूप भयंकर. भाऊ म्हणवून घेणारा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसे जमली, राज्यात बंड माजले, आणि अखेर पेशवे सरकारने चौकशी करून १७७६ साली त्याला देहदंड दिला. वाट पाहणाऱ्या घराची आशा दुसरा कोणी आपल्या कामासाठी वापरू शकतो, हे तेव्हा दिसले. आजही बेपत्तांच्या घरी कोणीतरी फोन करून बातमी विकतो.

१९७१ च्या युद्धाने ही जुनी अडचण नव्याने उभी केली. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे सुखोई-७ या, जमिनीवरच्या लक्ष्यांवर बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचे वैमानिक. डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात पाकिस्तानातल्या शोरकोट रोड विमानतळावरच्या हल्ल्यात त्यांचे विमान पडले. पाकिस्तानी बाजूच्या एका वृत्तपत्राने पकडलेल्या भारतीय वैमानिकांची जी बातमी दिली त्यात त्यांच्या नावाशी जुळणारे नाव होते. युद्धकैद्यांची देवाणघेवाण झाली तेव्हा ते परतले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. त्यांनी दुसरे लग्न केले नाही आणि शोध सोडला नाही. त्या युद्धातले असे ५४ भारतीय सैनिक पाकिस्तानच्या ताब्यात राहिले असे भारताचे म्हणणे, आणि आपल्याकडे कोणी नाही असे पाकिस्तानचे. १९८३ आणि २००७ साली नातेवाइकांच्या गटांनी पाकिस्तानातल्या तुरुंगांना भेटी दिल्या, हाती काही लागले नाही.

अशा घराला २० वर्षे झाली, आता क्रिया करा, असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. वार्ता नसणे ही शास्त्राच्या मुदतीची अट आहे, आणि इथे वार्ता होती. खरी की खोटी एवढेच कळले नाही. अमेरिकेत पॉलिन बॉस या अभ्यासक बाईंनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा १९७० च्या दशकात अभ्यास केला आणि त्यातून अशा संदिग्ध वियोगाचा सिद्धान्त मांडला. त्यांचे म्हणणे असे की या शोकाला शेवट नसतो, आणि तो नसणे हा घरच्यांच्या मनाचा दोष नाही, परिस्थितीचा आहे. शास्त्रकारांनी परतणाऱ्यासाठी तुपाचे कुंड ठेवले तेव्हा त्यांनी हेच ओळखले होते.

क्रिया करायची ठरली तरी ती कोणत्या प्रकारची, हा प्रश्न उरतो. आगीत, पाण्यात, विजेने किंवा उंचावरून पडून आलेले मरण शास्त्रात दुर्मरणात मोजतात, आणि त्यासाठी नारायणबली सांगतात. त्र्यंबकेश्वरला त्यासाठी देशभरातून लोक येतात. उलट रणात समोर तोंड करून पडलेल्याला दुर्मरण नाही. मनूच्या मते त्याचा यज्ञ तत्काळ पुरा होतो आणि त्याचे सुतक लगेच फिटते. पराशर त्याला योगी संन्याशाच्या बरोबरीने बसवतो. कोसळलेल्या बॉम्बरमधला माणूस उंचावरून पडला, आगीत गेला, आणि रणातही पडला. तिन्ही एकदम. सप्टेंबर १९६५ मध्ये सरगोधाच्या मोहिमेवरून परतणारे भारताचे एक कॅनबेरा बॉम्बर रात्री पाकिस्तानी स्टारफायटरने पाडले. वैमानिकाच्या आसनाला बाहेर फेकणारी यंत्रणा होती, तो वाचून कैदेत गेला. त्या जातीच्या कॅनबेरात नॅव्हिगेटरला तसे आसनच नव्हते, तो विमानाबरोबर गेला. त्याला पाठ फिरवण्याची सोयच नव्हती. रणात तोंड न फिरवणे याचा अर्थ शत्रूला डोळ्यांनी पाहणे असा घेतला तर रात्रीच्या बॉम्बरमधला कोणीच त्यात बसणार नाही. नेमलेले काम अर्धवट न टाकणे असा घेतला तर हा नॅव्हिगेटर सगळ्यांत आधी बसतो. दुसराच अर्थ योग्य आहे. त्याच्या मरणाला नारायणबलीची गरज नाही.

मात्र वीरगतीचे हे आश्वासन धर्मयुद्धाला बांधलेले आहे, हे विसरून चालणार नाही. सौप्तिकपर्वात झोपलेल्यांना मारणारा अश्वत्थामा शूर असूनही शापित ठरतो. धावपट्टीवर टाकलेला बॉम्ब आणि झोपलेल्या वस्तीवर टाकलेला बॉम्ब यांत शास्त्र फरक करील. आणि ज्या वस्तीवर बॉम्ब पडला तिथेही देह सापडत नाहीत. तिथल्या घरालाही पळसाचे ३६० देठच लागतात. विमानात बसलेल्याच्या क्रियेचा विचार करताना विमानाखालच्यांची क्रिया गाळली तर तो विचार धर्माचा राहत नाही.

देहाविना स्मरण करण्याच्या वाटा लोकपरंपरेत आणखी आहेत, आणि त्यांना पुरोहित लागत नाही. महाराष्ट्रात गावाच्या वेशीवर किंवा देवळापाशी वीरगळ उभे आहेत: खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला वर नेताहेत, वर तो शिवलिंगापुढे बसलेला. वीर कुठे पडला आणि त्याचा देह गावात आला की नाही, याने दगड उभारायला अडत नाही. रायपूरच्या दक्षिणेला बस्तरात माडिया गोंड मृतासाठी उभे दगड रोवतात. आणि रायपूरच्या उत्तरेला दामाखेडा हे कबीरपंथाचे मोठे पीठ आहे. कबीराच्या देहाच्या जागी चादरीखाली फुले सापडली आणि हिंदू-मुसलमानांनी ती वाटून घेऊन आपापल्या रीतीने क्रिया केली, ही कथा त्या पंथातला प्रत्येक जण जाणतो. देह नसताना दोन धर्मांचे विधी पूर्ण झाले, आणि कोणाला ते अपुरे वाटले नाहीत.

कधी कधी देह फार उशिरा परत येतो. २५ जानेवारी १९४४ रोजी चीनमधल्या कुनमिंगहून आसामातल्या चाबुआकडे निघालेले अमेरिकेचे बी-२४ बॉम्बर आठ जणांसह अरुणाचलच्या डोंगरात पडले. २००६ साली दामरोह गावाजवळ त्याचे अवशेष सापडले, २०१५ साली तिथे रीतसर खोदकाम झाले, आणि २०१७ साली रॉबर्ट ऑक्सफर्ड या अधिकाऱ्याची ओळख पटून जॉर्जिया राज्यातल्या त्याच्या गावी दफन झाले. मध्ये ७३ वर्षे गेली. भारतीय हवाई दलाचे एएन-१२ हे वाहतुकीचे विमान शांततेच्या काळात, ७ फेब्रुवारी १९६८ रोजी, १०२ जणांसह रोहतांगजवळ नाहीसे झाले. त्यातले पहिले अवशेष २००३ साली सापडले आणि २०२४ मध्येही बर्फातून चार देह मिळाले. अशा वेळी आधी केलेली क्रिया खोटी ठरत नाही. सापडलेल्या अस्थी उशिराही संगमावर नेता येतात, मग तो राजिम असो की प्रयाग.

राहिली तिथी. मृत्यूचा महिना ठाऊक असून दिवस ठाऊक नसेल तर त्या महिन्याच्या अमावास्येला श्राद्ध करावे, आणि दोन्ही ठाऊक नसेल तर मार्गशीर्ष किंवा माघ अमावास्या धरावी, असा नियम काही ग्रंथांत येतो. शस्त्राने मेलेल्यांसाठी पितृपक्षातली चतुर्दशी राखून ठेवलेली आहे. मराठी पंचांगात ती शस्त्रादिहत पितृश्राद्ध म्हणून छापतात. ३ डिसेंबर १९७१ ला सुरू झालेले युद्ध मार्गशीर्षाच्या कृष्ण पक्षात लढले गेले, आणि पश्चिम आघाडीवर १७ डिसेंबरला तोफा थांबल्या तो दिवस मार्गशीर्ष अमावास्येचा होता. म्हणजे त्या युद्धातल्या बेपत्तांना महिन्याच्या नियमाने आणि अज्ञाताच्या नियमाने एकच तिथी मिळते. रायपूरमध्ये मात्र मराठी घर अमान्त पंचांग पाहते आणि शेजारचे छत्तीसगढी घर पौर्णिमान्त. त्यामुळे याच पक्षाला शेजारी पौष म्हणतात, आणि अज्ञात महिन्याचा नियम लावताना दोन घरांत वर्षाचे दोन वेगळे दिवस निघतात. ज्या घराकडे विमानाची शेवटची वेळ लिहिलेला कागद आहे त्याला हा वाद पडत नाही. त्याला तिथी काढता येते. म्हणून तळावरची ती तीन ओळींची नोंद, शत्रूकडून आलेला प्रत्येक संदेश आणि कैद्यांच्या याद्या कुटुंबाच्या हाती देणे हे सरकारचे पहिले काम आहे. क्रिया केव्हा करायची, किंवा करायचीच नाही, हे त्या घराने त्यानंतर ठरवायचे.